उंबर फोडणाऱ्या बाई

उतेकर बाई आमच्या शाळेत कोणत्या तारखेला आल्या ते मला आठवत नाही, पण तास आठवतो. आठवीचा मराठीचा तास होता आणि मी म्हणी शिकवत होते. 'उंबर फोडून केंबरं उडवू नयेत' असं फळ्यावर लिहून मी अर्थ सांगत होते, की झाकलेली गोष्ट उगाच उकरून काढू नये, आतून जे बाहेर येतं ते काही चांगलं नसतं. आमच्या शाळेत दोन वर्गांच्या मध्ये भिंत नाही, पत्र्याचं पार्टिशन आहे. पलीकडे नववीवर विज्ञानाच्या नव्या बाई आपला पहिलाच तास घेत होत्या. त्यांचा आवाज एकदम थांबला आणि दोन मिनिटांनी आमच्या दारात एक ठेंगणी, चाळिशी ओलांडलेली बाई येऊन उभी राहिली. हातात पिकायला आलेलं उंबर.

"माफ करा हां बाई, तुमचा तास मोडते," त्या म्हणाल्या. "पण उडवायला पाहिजेत."

मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या टेबलावर ते उंबर दोन अंगठ्यांनी फोडलं. आतून तिळाएवढी केंबरं निघाली आणि हजेरीपटावरून, माझ्या चष्म्यावरून, पहिल्या बाकावरच्या मुलींच्या रिबिनींवरून उडून गेली. वर्ग उठून पुढे आला. बाई सांगू लागल्या. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही, कारण ती फुलं आतच असतात, फळाच्या पोटात. ही इवलीशी माशी बारीक भोकातून आत शिरते, येताना दुसऱ्या झाडावरचा पराग घेऊन येते आणि आत अंडी घालते. तिच्या पिल्लांना घर मिळतं, उंबराला बी मिळतं.

"ही नसली तर उंबर नाय, आणि उंबर नसलं तर ही नाय," त्या म्हणाल्या. "आता शिकवा तुमची म्हण." आणि गेल्या.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, मग म्हण चुकीची हाय का?" मी फळ्यावरच्या म्हणीपुढे एक प्रश्नचिन्ह काढलं.

आमची शाळा महाडहून नाते गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला एक फाटा फुटतो, तिथून आत दहा मिनिटांवर आहे. दहा मिनिटं माझ्यासारखीची. बाईंना तेवढ्याच वाटेला पाऊण तास लागायचा, म्हणून त्या आधीच्या गाडीनं यायच्या. बांधावर बसलेल्या असायच्या, नाहीतर शेणाच्या पोवट्यापाशी वाकलेल्या, नाहीतर पाठीवर हात बांधून एखाद्या खांबाकडे टक लावून बघत उभ्या. गळ्यात मंगळसूत्राच्या शेजारी काळ्या गोफात एक भिंग. पर्समध्ये औषधाच्या रिकाम्या डब्या आणि प्रत्येक डबीच्या झाकणाला सुईनं पाडलेली भोकं. एकदा त्यांनी मला डोकेदुखीची गोळी म्हणून जी डबी दिली तिच्यातून मुंगळा निघाला. "तो नाय गो, दुसरी," एवढंच म्हणाल्या.

पहिल्या महिन्यात त्या मला 'अहो बाई' म्हणत. श्रावणात 'अगं' झालं, दसऱ्याला 'गो'. त्या मूळच्या पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतल्या. वर्गात बोलणं अगदी पुस्तकी, स्वच्छ. पण काही दिसलं की वाडी जिभेवर यायची. त्यामुळे मुलांना बरोबर कळायचं. बाईंनी 'आहे' म्हटलं की पाठातलं आहे, 'हाय' म्हटलं की खिडकीबाहेर खरंच काहीतरी आहे.

आमच्या भागात नवं माणूस भेटलं की पहिला प्रश्न, तू कुणाचा? मग आजोळ, मग गावातलं घर, मग मुंबईला कुठे असतो ते. बाईंची शिकवण्याची पद्धत एवढीच होती. कुठलाही किडा, पाखरू, गवताची काडी समोर आली की विचारायचं, "हा कुणाचा कोण?" कोणाकडे जेवतो, कोण याला जेवतं, कोणाच्या घरात राहतो, मेला तर कोणाचं अडतं. आमच्या मधल्या सुट्टीच्या डब्यांनाही त्यातून सूट नव्हती. टाकळ्याची भाजी आणली की घास तोंडाजवळ असताना बाई विचारणार, "टाकळा आपल्याशिवाय कोण खातं?" एकदा त्यांनी टाकळ्याच्या जुडीत सापडलेली हिरवी अळी बरणीत घालून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली, कारण तिथं ऊन चांगलं येत असे. पालकसभा ऐन रंगात असताना त्या बरणीत पिवळं फुलपाखरू निघालं. सर सभा थांबवून म्हणाले, "हे टाकळ्याचं." सगळे पालक बघत राहिले. सर पुढे बरेच दिवस त्या वाक्यावर खूश होते.

आणि त्यांचं हसणं. बाईंना हसू आलं की उभं राहता येत नसे. जिथं असतील तिथं त्या खाली बसायच्या. व्हरांड्यात, प्रार्थनेच्या ओळीत, एकदा महाडच्या बाजारात ऐन भाजीवाल्यांच्या गर्दीत. पदर तोंडाला लावून, डोळे पुसत, मिनिटभर बसायचं आणि उठून जणू काही झालंच नाही असं पुढे चालायचं.

शिक्षण खात्याचे एक अधिकारी तपासणीला आले होते, त्या दिवसाबद्दल शाळेत अजून बोललं जातं. साहेब कुठल्याही वर्गात न सांगता शिरायचे. ते नववीत शिरले तर बाकांवर कोणी नाही. अख्खा वर्ग फरशीवर पालथा पडलेला, मध्ये वर्तमानपत्रावर ताज्या शेणाचा पोवटा, आणि बाईसुद्धा कोपरं टेकून पालथ्या. साहेबांच्या मागे मुख्याध्यापक होते आणि सरांच्या मागे मी होते, म्हणून मी हे डोळ्यांनी पाहिलं.

"काय चाललंय हे?" साहेबांनी विचारलं.

"जरा हळू, साहेब," बाई मान वर न करता म्हणाल्या. "तो निघालाय."

शेणातला काळा भुंगा आवळ्याएवढी गोळी करून मागच्या पायांनी ढकलत निघाला होता, डोकं खाली, पाय वर. तो सरळ रेषेत गेला आणि साहेबांच्या बुटाला धडकला. थांबला. परत धडकला. गोळीवर चढून त्यानं बुटाचा अंदाज घेतला. चाळीस मुलं श्वास रोखून साहेबांकडे बघत होती. साहेबांनी हळूच पाय उचलला. भुंगा काही निघेना, तो गोळीभोवती फेऱ्या मारत राहिला, आणि साहेब एका पायावर, सरांच्या खांद्याला धरून, तसेच उभे. भुंगा दाराबाहेर जाऊन अंगणातल्या मातीत गोळी पुरू लागला तेव्हाच साहेबांनी पाय टेकला.

मग त्यांनी एका मुलीला विचारलं, "याचा उपयोग काय?"

ती म्हणाली, "साहेब, हा नसता तर गावातलं शेण जिथल्या तिथं राहिलं असतं, मग माश्या झाल्या असत्या. हा ते जमिनीत नेतो. त्यात गवताचं बी असतं. ते उगवतं. ते गाय खाते."

"आणि मग?"

"मग ती परत शेण घालते, साहेब."

बाई खाली बसल्या. खरं तर त्या खालीच होत्या, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही, पण खांदे हलताना मला दिसले. शेऱ्याच्या वहीत साहेबांनी लिहिलं, 'शिक्षिका विषयाच्या अगदी जवळ जाऊन शिकवतात.'

सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर क्षेत्रभेट नेली तेव्हा तर कमालच झाली. उकळत्यासारखं पाणी, त्यात काय जगणार, असं मुलं म्हणत होती. बाई म्हणाल्या, बघू. पाणी कुंडातून बाहेर पडून वाहत जातं, त्या पाटाच्या कडेनं त्या भिंग घेऊन पालथ्या झाल्या. जिथं पाणी फार कढत तिथं एक रंग, हातभर पुढे शेवाळी हिरवा, आणखी पुढे जिथं बोट टेकवेल तिथं गडद हिरवा, आणि त्याच्याही पुढे बारीक किडे. कोणाला किती ऊब सोसते त्याप्रमाणे प्रत्येकानं आपली जागा धरली होती. बाई इंचाइंचानं पुढे सरकत होत्या, नाक पाण्याला लागेल असं, तोंडानं पुटपुटत. त्वचेच्या दुखण्यासाठी आंघोळीला आलेल्या चार म्हाताऱ्या शेजारी होत्या. त्यांना वाटलं बाईंचा नवस आहे. एकीनं बाईंच्या डोक्याशी जास्वंदीचं फूल ठेवलं. दुसरीनं हळद वाहिली. तिसरी विचारू लागली, "किती हात सरपटायचं असतं गो?"

बाईंनी मान वळवून पाहिलं. मला वाटलं आता त्या हसणार. पण त्यांनी त्या म्हातारीला शेजारी बसवलं, भिंग डोळ्याला लावून दिलं आणि म्हणाल्या, "बघा, आजी. कढत पाण्यात घर केलंय."

म्हातारीनं बराच वेळ पाहिलं. मग भिंगालाच हात जोडले. परतीच्या गाडीत बाई अर्धा रस्ता सीटखाली बसून होत्या.

आता उंबराबद्दल सांगते. म्हणजे शाळेच्या पटांगणातल्या उंबराबद्दल. त्या वर्षी गावच्या मुंबईकर मंडळींनी शाळेला सिमेंटचं स्टेज बांधून द्यायचं ठरवलं. जागा एकच सोयीची होती आणि तिथं उंबर उभं. उंबर तोडायचं म्हणजे लोक बिचकतात, दत्ताचं झाड. पण शाळा समितीचे अध्यक्ष तुकारामअण्णा म्हणाले की भटजींना विचारून झाडाची शांत करून घेऊ. अण्णा गावातले मोठे शेतकरी, मिशा पांढऱ्या, शब्द थोडे. त्यांनी एकदा म्हटलं की झालं.

मी बाईंना म्हटलं, "तुम्ही देवाचंच नाव घ्या. लोक ऐकतील."

"नाय," त्या म्हणाल्या. "देवाच्या नावानं आज वाचलं, तर उद्या देवाच्याच नावानं देवळासाठी दुसरं पडेल. त्या झाडाला स्वतःचं काहीतरी म्हणणं हाय की नाय?"

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. दोन दिवस डबा तसाच परत नेला. तिसऱ्या दिवशी त्या अण्णांच्या घरी गेल्या आणि मला बरोबर घेतलं. अण्णा ओटीवर सुपारी कातरत बसले होते.

"अण्णा, झाड तुमचं, शाळा तुमची," बाई म्हणाल्या. "तोडायच्या आधी एक दिवस द्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत झाडाखाली खुर्ची टाकून बसा. वर जो कोण येईल त्याची हजेरी लिहा. तुमच्या हातानं."

"कोण येतंय," अण्णा म्हणाले. "दोन कावळे."

"तर दोन कावळे लिहा. दुसऱ्या दिवशी मी काय बोलणार नाय."

अण्णा आले ते केवळ दोन कावळे लिहून दाखवण्यासाठी. उंबर तेव्हा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लगडलेलं. प्रार्थनेच्या आधी त्यांनी खुर्ची घेतली, मांडीवर शंभरपानी वही. बाईंनी मुलांना बजावलं होतं की पटांगणात कोणी फिरकायचं नाही, आणि स्वतः वर्गाच्या खिडकीतून दर दहा मिनिटांनी बघत होत्या. पहिल्या तासाला अण्णांनी बुलबुल, मैना, खार लिहिली. दुसऱ्या तासाला हरियालांचा थवा उतरला, पण पानांत हिरवे पक्षी अण्णांना आधी दिसलेच नाहीत. फळं पडताहेत आणि पाडणारा दिसत नाही, म्हणून ते खुर्चीवरून उठले आणि झाडाभोवती फिरू लागले. मधल्या सुट्टीत त्यांचा नातू जेवायला बोलवायला आला तेव्हा त्याला हातानंच गप्प केलं. दुपारी वानरं आली, त्यांनी निम्मं खाल्लं आणि निम्मं खाली टाकलं. टाकलेलं खायला शेळ्या आल्या, कोंबड्या आल्या. अण्णा मला हाक मारून म्हणाले, "बाई, शेळी झाडावर चढली नाय, पण झाडाकडं आली. लिहू का?"

मी उतेकर बाईंना विचारून आले. "लिहा," म्हटलं.

चार वाजता धनेशाची जोडी आली. पंखांचा तो आवाज ऐकून सगळे वर्ग खिडक्यांत. मोठा धनेश फांदीवर बसून एकेक उंबर चोचीच्या टोकात धरी, वर उडवी आणि झेलून गिळी. अण्णांच्या हातातली पेन्सिल थांबलेली. शाळा सुटली, मुलं गेली, तरी अण्णा बसूनच. मावळतीला बाई त्यांच्याजवळ गेल्या.

"किती झाले, अण्णा?"

अण्णांनी वही दिली नाही. घडी घालून सदऱ्याच्या आत ठेवली. "जोडी हाय," एवढंच म्हणाले. मग जाता जाता वळून, "वटवाघळं यायची राहिलीत. उद्या परत बसावं लागेल."

स्टेज झालं, पण वाकडं झालं. उंबर मध्ये येतं म्हणून त्याचा एक कोपरा कापलेला आहे, आणि एक फांदी वरून आलेली आहे. पहिल्या स्नेहसंमेलनाला मुंबईहून आलेले पाहुणे पांढराशुभ्र शर्ट घालून 'निसर्गाचं रक्षण' या विषयावर बोलायला उभे राहिले, आणि दुसऱ्याच वाक्याला एक टपोरं, पिकून मऊ झालेलं उंबर त्यांच्या खांद्यावर फुटलं. आतली केंबरं माइकभोवती उडाली. पाहुणे मोठ्या मनाचे. म्हणाले, "फिकर नॉट, इसको भी कुछ बोलना है." टाळ्या पडल्या. उतेकर बाई पहिल्या रांगेतून दिसेनाशा झाल्या होत्या. खुर्ची रिकामी होती, बाई खुर्चीसमोर जमिनीवर.

एवढं वाचून कोणाला वाटेल की बाईंचं कधी चुकलंच नाही. एकदा फार मोठं चुकलं, आणि ते त्यांनी स्वतःच शोधलं.

शाळेमागे ओहोळाच्या कडेला एक डबकं आहे. उन्हाळ्यापर्यंत त्यात पाणी टिकतं. एका वर्षी गावात तापाची साथ आली, डासांची तक्रार झाली, तेव्हा बाईंनी कुठून तरी बादलीभर गप्पी मासे आणून त्या डबक्यात सोडले. ते डासांच्या अळ्या खातात हे सगळ्यांना माहीत. पालकांनी कौतुक केलं. पण पुढच्या पावसाळ्यात बाई रोज डबक्यावर जायच्या आणि रिकामी डबी घेऊन परत यायच्या. दर वर्षी तिथं बेडकांची शेपटीवाली पिल्लं इतकी असत की पाणी काळं दिसे. त्या वर्षी एकही नव्हतं. चतुरांची पाण्यातली पिल्लंही नव्हती. नुसते गप्पी, टपोऱ्या पोटाचे, हजारांनी.

बाईंनी आठवडाभर कोणाला सांगितलं नाही. मग एके दिवशी नववीच्या फळ्यावर त्यांनी पाठाचं नाव लिहिलं, 'उतेकर बाईंची चूक'. पार्टिशनपलीकडून मी ऐकत होते. त्यांनी सगळं सांगितलं, की बेडकाची पिल्लं आणि चतुराची पिल्लं आधीपासून त्या डबक्यात होतीच, चतुराची पिल्लं डासांच्या अळ्या खातच होती, आणि मी बाहेरचे मासे आणून त्यांच्या घरात घातले, त्या माशांनी ही पिल्लंच खाऊन टाकली. सहामाहीला तो प्रश्न पेपरात होता. उतेकर बाईंनी कोणती चूक केली? सकारण लिहा. गुण पाच. एका मुलीनं एकच ओळ लिहिली होती, 'बाईंनी आधी तिथं कोण राहतं ते विचारलं नाही.' तिला पाचपैकी पाच मिळाले.

पण गुण देऊन प्रश्न संपत नव्हता. पुढच्या पुरात डबकं ओहोळाला मिळालं असतं, ओहोळ गांधारी नदीला, आणि मग ते मासे आवरायला कोणाच्या हातात राहिले नसते. म्हणून होळीनंतर, पाणी खाली गेल्यावर, बाईंनी शाळेला हाक घातली. मुलींनी ओढण्या आणल्या, मुलांनी मच्छरदाण्या. मुख्याध्यापकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पहिल्या पावलाला चिखलात बसले. पाणी उपसून उपसून बादल्यांच्या रांगेनं अण्णांच्या वांग्यांना गेलं, अण्णा स्वतः रांगेच्या शेवटच्या टोकाला, बादली आली की आत डोकावून, "हिच्यात दोन हायेत, परत पाठवा," म्हणत. ओढणीत मासे, मासे सोडून चिखल, चिखलात एकमेकांचे पाय. मी आयुष्यात इतकी भिजले नाही. एकाच गप्पीच्या पोटी पन्नास पिल्लं, त्यामुळे एकही राहून चालणार नव्हता, आणि प्रत्येक वेळी 'संपले' म्हटलं की कोणीतरी ओरडायचं, "बाई, एक हाय." पकडलेले मासे शाळेच्या सिमेंटच्या टाकीत गेले, जिथून बाहेर जायला वाट नव्हती आणि जिथं आधी कोणी राहत नव्हतं. तीन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी डबक्याचा तळ उघडा पडून त्याला भेगा गेल्या, तरी बाई भेगांत काडी घालून बघत होत्या.

पावसाळा लागून पंधरा दिवस झाले असतील. सकाळी सहाला माझा फोन वाजला. बाई धापा टाकत होत्या.

"गो, फेस आलाय."

मला वाटलं कोणाच्या तोंडाला फेस आलाय, कोणीतरी आजारी आहे. मी घाबरून रिक्षा करून शाळेवर गेले. बाई डबक्याकाठी छत्रीखाली उभ्या, आणि पाण्यावर झुकलेल्या फांदीला मुठीएवढा पांढरा फेसाचा गोळा लटकलेला. झाडावरचे बेडूक असा फेस करून त्यात अंडी घालतात. पिल्लं झाली की टपाटप पाण्यात पडतात. बाईंनी माझा हात धरला आणि दोघी त्या फेसाकडे बघत राहिलो. पहिली घंटा आम्हाला ऐकूच आली नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या आणि पोलादपूरच्या आपल्या वाडीत राहायला गेल्या. यजमान मुंबईची नोकरी संपवून आधीच परतले होते, मुलगा तिकडेच होता. एका श्रावणात मी त्यांच्याकडे दोन दिवस राहून आले. पुढच्या होळीच्या आधी, थोड्याशा आजारानं, बाई गेल्या. म्हणजे त्या श्रावणात परत येताना मला दिसल्या त्या शेवटच्या.

त्या मला गाडीवर बसवायला डांबरी रस्त्यापर्यंत आल्या होत्या. पाऊस नुकताच उघडला होता. लांबून एसटी दिसली तसा मी हात केला, पण बाई थांब्यावरून निघून वळणाच्या दिशेनं चालू लागल्या आणि रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला आणि खिडकीतून डोकं काढलं.

"आजी, थांबा तिकडं हाय."

"थांबा तिकडं हाय," बाई म्हणाल्या, "पण ही हितं हाय."

त्यांच्या पायाशी एक खेकडी होती. डोंगराकडून ओढ्याकडे निघालेली, पोटाखालच्या झाकणात बारीक बारीक पिल्लं गच्च भरलेली. गाडीसमोर ती थांबली आणि तिनं दोन्ही नांग्या उगारल्या. कंडक्टर उतरला. त्याच्या मागे चार-पाच प्रवासी उतरले, मुंबईहून सणाला आलेली एक तरुणी फोन काढून वाकली. बाईंनी तिला सांगितलं, "फोटो मग काढ. आधी बघ." ती खरंच बघू लागली. कोणी म्हणालं, आमच्याकडे याचं कालवण करतात. बाई म्हणाल्या, करतात, पण पिल्लंवाली सोडून देतात, तुमच्या आजीला विचारा. तो माणूस म्हणाला, हो, आजी सोडून द्यायची.

खेकडी आपल्या चालीनं, तिरपी तिरपी, रस्ता ओलांडून गटाराच्या गवतात शिरली. सगळे गाडीत चढले, मीही चढले. मागच्या खिडकीची जागा मिळाली. कंडक्टरनं घंटी दिली आणि गाडी हलली. बाईंनी आमच्याकडे पाठ केली होती. त्या गवतावर वाकल्या होत्या. मी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. त्यांनी मागे न वळता एक हात वर केला, तळवा आमच्या बाजूला, आणि तसाच ठेवला. मला वाटलं, निरोप देताहेत. मीही पुन्हा हात हलवला. मग तो तळवा दोनदा खाली दाबल्यासारखा हलला, आणि मला कळलं की त्या गाडीला आवाज करू नकोस म्हणून सांगत होत्या.

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं असावं. पुढचं वळण त्यानं हॉर्न न वाजवता घेतलं.